रुसलेल्या माशासाठी एकशिपी

"मॅडम, कॉपरबँड आणून आज सहावा दिवस. दिसायला ठणठणीत आहे, टाकीभर फिरतो, पण खाण्याकडे ढुंकून बघत नाही. फ्लेक झाले, पेलेट झाले, आर्टेमिया झाला. आता कुठलं फूड आणू?"

समुद्री मासे पाळणाऱ्या वाचकांचा हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. कधी कॉपरबँडच्या जागी मँडरिन असतो, कधी लायनफिश, कधी टँग. शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं. आणि ते विचारलं जाईपर्यंत टाकीत तीन-चार प्रकारचं खाणं पडून कुजलेलं असतं, अमोनिया चढलेला असतो. मासा पहिल्या दिवशी ज्या कारणाने खात नव्हता, त्यात आपण आपल्या हाताने आणखी एकाची भर घातलेली असते.

गप्पी, मॉली पाळून समुद्री टाकीकडे वळलेल्यांची इथे हमखास फसगत होते. ते मासे कित्येक पिढ्या टाकीतच जन्मले. चिमूट दिसली की वर येतात. समुद्री माशांच्या दुकानातले बहुतेक मासे मात्र थेट प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात. पेलेट नावाची वस्तू त्यांनी जन्मात पाहिलेली नसते. क्लाउनफिशचं तेवढं बरं आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, मंडपम आणि विळिंजमला त्याची पैदास करून दाखवली आहे, आणि हॅचरीत वाढलेला क्लाउन घरी आल्या आल्या पेलेट मागतो.

म्हणून खाण्याचा डबा खाली ठेवा आणि आधी एकच गोष्ट ठरवा: माशाला खावंसंच वाटत नाहीये, की समोर पडलंय ते खाणं आहे हे त्याला कळत नाहीये? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. उपाय मात्र वेगवेगळे आहेत.

पंधरा मिनिटं नुसतं बघा

टाकीचे दिवे मंद करा, खुर्ची तीन-चार पावलं लांब घ्या, मोबाइल बाजूला ठेवा आणि काहीही न टाकता बसा. मग गोठवलेल्या मायसिसचे चार-पाच कण लांब पिपेटने माशापासून वीतभर अंतरावर सोडा.

- डोळा कणाबरोबर फिरतो, मासा जवळ येतो, तोंडात घेऊन थुंकतो, एरवी खडकाच्या फटी टोचत हिंडतो: भूक आहे, ओळख नाही. तुम्ही पुढचे दोन-तीन भाग चाळून थेट एकशिपीवर या.
- कोपऱ्यात किंवा पावरहेडमागे दडून बसतो, कल्ले भराभर हलतात, अंग खडकाला घासतो, रंग उतरलाय: खाण्याचं नंतर बघू. आधी पाणी, शेजारी आणि आजार.
- मासा समोरून, अगदी नाकासमोरून बघा. बाजूने कॉपरबँड नेहमीच थाळीसारखा चपटा दिसतो, त्यावरून काही कळत नाही. डोळ्यांच्या मागे, पाठीच्या वरच्या भागात खळगा पडलेला दिसला तर अंगातलं मांस झिजायला लागलंय. तेव्हा वाट बघण्यात अर्थ नाही.

नवा मासा तीन-चार दिवस खात नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही. मोठा लायनफिश आठवडाभर सहज काढतो. सतत पोहत राहणारा अँथियस मात्र तिसऱ्या दिवशीच काळजीचा विषय होतो.

पाणी, आणि त्यातलं मीठ

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान २५ ते २६ अंश, पीएच ८.१ ते ८.४. हे बहुतेकांना पाठ असतं. अमोनिया शून्याच्या वर दिसला तर आज खाणं बंद आणि पाणी बदला, एवढं पुरे.

मिठाबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण हे मला महागात पडून कळलं. बरीच दुकानं मासे कमी मिठाच्या पाण्यात ठेवतात, विशिष्ट गुरुत्व १.०१८-१.०२० च्या आसपास. मिठाचा खर्च वाचतो आणि काही परजीवींचा जोरही कमी होतो. आपल्या टाकीत असतं १.०२५ किंवा १.०२६. जास्त मिठातून कमी मिठात जाणं माशाला सोसतं. उलटा प्रवास तासाभरात झाला तर त्याच्या शरीरातलं पाणी-मिठाचं गणितच कोलमडतं. माझा पहिला कॉपरबँड १.०१९ मधून १.०२५ मध्ये आला आणि पाच दिवस एका दगडाआड उभा राहिला. मी त्या दगडासमोर रोज वेगवेगळं खाणं नेऊन ठेवत होते!

- दुकानातच पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरने मोजून घ्या. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवलेला असावा. नुसत्या आरओच्या पाण्याने जुळवलेला वरच्या आकड्यांना चुकू शकतो.
- क्वारंटाइन टाकीतलं मीठ दुकानाइतकंच ठेवा आणि रोज ०.००१ ते ०.००२ इतकंच वाढवा.
- लांबच्या प्रवासातून आलेली पिशवी उघडून तासन्‌तास थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. पिशवी बंद ठेवूनच तापमान जुळवा, मीठ आधीच जुळवून ठेवा, उघडल्यावर मासा लगेच हलवा.

मे महिन्यात मुंबई-ठाण्याच्या घरांत टाकीचं पाणी चिलरशिवाय ३१ अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि धापा टाकणारा मासा जेवत नाही. पृष्ठभागावर पंखा लावलात की बाष्पीभवनाने एक-दोन अंश उतरतात. उडून गेलेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या बिनमिठाच्या पाण्यानेच घाला, कारण मीठ टाकीतच राहिलेलं असतं.

टाकीतला दादा

प्रत्येक टाकीत एक असतो. बहुधा जुना टँग किंवा डॅमसेल. तुमच्यासमोर तो सभ्यपणे वागतो. तुम्ही खोलीबाहेर गेलात की नव्याला कोपऱ्यात दाबतो. फोन टाकीसमोर उभा करून अर्धा तास चित्रण करा, म्हणजे उलगडा होईल.

दादा सापडला तर नव्या माशाला भोकं पाडलेल्या पारदर्शक ॲक्रिलिक पेटीत, त्याच टाकीत, चार-पाच दिवस ठेवा. सगळे एकमेकांना बघतात, कोणी कोणाला चावत नाही, आणि नव्याचं खाणं थेट त्याच्या पुढ्यात पडतं. दादा टँग असेल तर काचेबाहेर आरसा टेकवा. तो आरशातल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडत बसतो आणि बाकीच्यांना उसंत मिळते.

आजार

यात घरगुती प्रयोग नकोत, म्हणून थोडक्यात. मिठाच्या खड्यांसारखे सुटे पांढरे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी बारीक पूड आणि जलद श्वास म्हणजे व्हेल्व्हेट, आणि त्यात हातात एखाद-दोन दिवसच असतात. क्लाउनफिशच्या अंगावर शेंबडासारखा थर आला तर ब्रुकलिनेलाचा संशय घ्या. मासा खातोय पण रोडावतोय आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबतेय, तर आतड्यात परजीवी असू शकतात. औषध जाणकार पशुवैद्याच्या सल्ल्याने आणि वेगळ्या टाकीतच द्या. तांब्याचं औषध प्रवाळ आणि कोळंबी असलेल्या टाकीत गेलं तर ते जीव मरतात. शिवाय तांब्यात असताना माशाची भूक आणखी मंदावते, हे धरून चाला.

मीठ-हळद न लावलेली एकशिपी

आता ज्याला भूक आहे पण ओळख नाही, त्या माशाबद्दल. कॉपरबँडचं ते लांब, चिमट्यासारखं तोंड खडकाच्या फटीतले किडे आणि शिंपल्यातलं मांस टिपण्यासाठी आहे. पाण्यात तरंगणारी गोळी त्याच्या लेखी कचरा. त्याला समजेल अशा ताटात वाढा, आणि ते ताट आपल्या मासळीबाजारात मिळतं: तिसऱ्या.

मी सकाळी तीनच तिसऱ्या मागते. कोळीण वाटा पुढे सरकवते. "अगं बाय, तीन तिसऱ्यांत काय कालवण होतंय?" पाहुणा एकच आहे, असं मी सांगते. पूर्ण वाटा घ्यावाच लागतो, उरलेल्या घरच्यांच्या पानात जातात.

तिसऱ्या जिवंत, घट्ट मिटलेल्या हव्यात. उघड्या राहिलेल्या आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या टाकून द्या. बाहेरून ब्रशने घासा, आरओच्या पाण्यात खळबळून काढा. मग विळीवर, घरी एकशिपी करताना उघडतो तशी उघडा: मांस सगळं एका शिंपीला चिकटलेलं राहिलं पाहिजे. मीठ, हळद, लिंबू काही नाही. विळीला आधीच्या स्वयंपाकाचं तिखट लागलेलं नाही ना, तेही बघा.

ही शिंपी एका चपट्या दगडाला रबरबँडने बांधा आणि मासा जिथे एरवी टोचत फिरतो, त्याच खडकाला तिरकी टेकवा. तळाशी वाळूत ठेवलीत तर खेकडे आणि गोगलगायी आधी पोचतील. पंप दहा-पंधरा मिनिटं बंद करा आणि ते परत सुरू करायचा गजर आत्ताच लावा. पंप विसरून मासे गुदमरल्याच्या गोष्टी या छंदात पुष्कळ आहेत.

माझ्या दुसऱ्या कॉपरबँडने पहिल्या दिवशी शिंपीला लांबून दोन प्रदक्षिणा घातल्या आणि निघून गेला. मी पाऊण तासाने ती काढून घेतली. दुसऱ्या दिवशी तो थांबला, एक डोळा शिंपीवर लावून तिरका झाला, चोच आत घातली आणि झटकन मागे सरला. तिसऱ्या दिवशी त्याने मांसाची कड चोचीत धरून मागे खेचली. दगडासकट शिंपी हलली आणि खडकावर टक्क वाजलं. त्यानंतर तो शिंपी चकचकीत होईपर्यंत हलला नाही.

इथेच थांबू नका. तिसरी हा पूर्ण आहार नव्हे. तिच्यासारख्या काही शिंपल्यांत थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं. महिनोन्‌महिने तेवढंच दिलं तर खाणारा मासाही खंगतो. म्हणून शिंपीला ताट समजा आणि ताटातला पदार्थ हळूहळू बदला:

1. दोन-तीन दिवस नुसती ताजी एकशिपी.
2. मग तिसरीचं मांस बारीक चिरून त्यात मायसिस मिसळा आणि तेच शिंपीत दाबून भरा. मायसिस आधी आरओच्या पाण्यात वितळवा आणि चहाच्या गाळणीत निथळा. ते पाणी टाकीत गेलं की शेवाळ फोफावतं. गाळणी वेगळी ठेवा, नाहीतर घरात भांडण.
3. रोज तिसरी कमी, मायसिस जास्त. शेवटी शिंपीत फक्त मायसिस.
4. मासा शिंपीशी असताना चार कण पिपेटने शिंपीच्या शेजारी सोडा. ते टिपले की वीतभर वर सोडा.
5. पंप चालू असताना प्रवाहात सोडा.

एखादी पायरी फसली तर एक पायरी मागे या. मला या सगळ्याला एकोणीस दिवस लागले. तुमच्याकडे आठात होईल, कदाचित चाळीसही लागतील. मायसिसवर आलेला कॉपरबँड पेलेट खाईलच असं नाही, आणि न खाल्ला तरी बिघडत नाही.

पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत ताजी मासळी दुर्मिळ होते. ताजा जवळा आणि सोललेली कोळंबी मे महिन्यातच आणून, धुऊन, बर्फाच्या ट्रेमध्ये लहान लहान भाग करून गोठवा. गोठवल्याने परजीवींची जोखीम कमी होते, शून्य होत नाही. आणि जवळा ताजाच हवा. सुकवलेला, आमटीत टाकायचा, तो टाकीसाठी नाही.

बाकीची हट्टी मंडळी

मँडरिन. हा दिवसभर कोपेपॉड टिपत राहतो. टाकी निदान वर्षभर जुनी आणि लाइव्ह रॉकने भरलेली नसेल तर आणूच नका. आणलाच असेल तर लहान बरणी वाळूत आडवी ठेवा आणि आत ताजे उबवलेले आर्टेमिया सोडा. चपळ मासे बरणीत शिरायला कचरतात, मँडरिन सावकाश आत जातो. आर्टेमिया घरीही उबवता येतो: लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम मीठ, जोरदार हवा, २६-२८ अंश, वर दिवा. दिवसभरात पिल्लं निघतात. हवा बंद करून दिवा खाली तळाजवळ धरला की टरफलं वर तरंगतात आणि पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. तिथूनच ओढून घ्या. पहिल्या काही तासांतच खायला घाला, कारण पोटातला बलक संपला की त्यांच्यात राम उरत नाही.

लायनफिश. हलेल तेच भक्ष्य, हा त्याचा नियम. पारदर्शक काडीच्या टोकाला कोळंबीची पट्टी अडकवून त्याच्यासमोर थरथरवा. दुकानदार जिवंत गोल्डफिश देऊ करतात, ते घेऊ नका. त्यांच्यातही थायमिनेज असतं आणि चरबी चुकीच्या प्रकारची असते. जिवंतच द्यावं लागलं तर खाऱ्या पाण्याला सरावलेली मॉली, आणि तीही तात्पुरती. हात टाकीत घालू नका, काटे विषारी आहेत. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम, ४५ अंशांवर न जाणाऱ्या पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

टँग. सहसा हट्टी नसतो, घाबरलेला असतो. साधी, बिनतेलाची, बिनमसाल्याची नोरी खडकाला बांधा.

अँथियस. थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा. नोकरी करणाऱ्यांनी हा मासा घेण्याआधी दुपारी खाणं कोण घालणार ते ठरवावं.

हमखास होणाऱ्या चुका

- रोज नवं खाणं. एका प्रकाराला निदान तीन दिवस द्या.
- न खाल्लेलं रात्रभर आत ठेवणं. विशेषतः शिंपी! सकाळी पाणी दुधासारखं झालेलं असतं.
- लसणावर भिस्त. खाणं लसणाच्या रसात बुडवल्यावर काही मासे तोंड लावतात, मीही करते. पण लसणाने पांढरे ठिपके जातात यावर विसंबून उपचार लांबवू नका.
- ॲप्टेशिया खाऊन टाकेल म्हणून कॉपरबँड आणणं. ते काचेसारखे ॲनिमोन तो बरेचदा खरंच फस्त करतो. मग संपले की उपाशी बसतो आणि मालक म्हणतो, महिनाभर तर छान होता!

विकत घेताना तुमचं चालतं

मासा दुकानातच खाऊ घालून दाखवा म्हणा. यात संकोच नको. "आत्ताच खाल्लंय" असं उत्तर मिळालं तर संध्याकाळी परत जा. सगळ्यात चांगलं म्हणजे आगाऊ रक्कम देऊन मासा आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगा. तिथे तो काय खातो, कुठल्या कंपनीचं, दिवसातून किती वेळा, पाण्यात मीठ किती, हे लिहून घ्या. काही बेटांवर अजूनही सायनाइड वापरून मासे पकडले जातात, आणि असा मासा बाहेरून ठीक दिसूनही काही दिवसांत दगावू शकतो. दुकानात तग धरलेला तो आठवडा तुमच्याच फायद्याचा.

- बिल मागा. मागूनही बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या छापील ओळीने हात टेकू नका.
- जिवंत माशाच्या बाबतीत दोष मुळातलाच होता हे दाखवणं अवघड जातं. म्हणून पार्सल उघडतानाचं आणि मासा टाकीत सोडतानाचं चित्रण ठेवा, पाण्याच्या चाचण्यांचे फोटो तारखेसह ठेवा.
- आधी दुकानदाराशी बोला, मग लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.
- समुद्रघोडा आणि जिवंत दगडी प्रवाळ यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. "समुद्रघोडा खात नाही, काय देऊ?" असंही कोणीकोणी विचारतं. तो घ्यायचाच नव्हता.

सगळं करून पाठीवरचा खळगा वाढतच चालला असेल तर दुकानदाराला परत घ्यायला सांगा, किंवा मोठी जुनी टाकी असलेल्या कोणाला तरी द्या. चौपाटीवर नेऊन सोडू नका. लायनफिश अटलांटिकमध्ये शिरल्यावर कॅरिबियनच्या प्रवाळखडकांवरच्या माशांचं काय झालं, ते जगाने पाहिलं आहे.

खायला लागल्यावर

पहिले दोन आठवडे भूक भागवायच्या नादात एकदम भरपूर घालू नका. थोडं थोडं, तीनदा घाला, आणि दर रविवारी समोरून एक फोटो काढा. खळगा भरायला महिना-दीड महिना लागतो, रोज बघणाऱ्या डोळ्याला तो भरताना दिसत नाही.

आणि गणपतीला गावी जाणार असाल तर किल्ली शेजारच्या काकूंकडे जाईल, हे गृहीत धरून आठवडाभर आधी तयारी करा. काकूंना मासा नेहमी उपाशीच दिसतो. एका वेळचा एक भाग याप्रमाणे मायसिसच्या पुड्या बांधा, प्रत्येकीवर वार लिहा, एवढ्याच फ्रीझरमध्ये ठेवा. बाकीचा साठा त्यांच्या हाताला लागणार नाही असा लपवा.